पाठवता न येणारे जेवण

आयुष्यभर मी सायंकाळी हातपाय धुऊन संध्येला बसत आलो. क्योतोच्या वास्तव्यात मात्र सुमारे सव्वा वर्ष त्याआधी माझ्याकडे एक वेगळेच काम असे. जिना उतरून खाली जायचे आणि दुसऱ्याच्या पानात पडणाऱ्या मांसाचा वास घ्यायचा.

ज्यांच्यासाठी मी हे करीत असे ते माझे घरमालक. मूळचे मुंबईचे, धातुशास्त्राचे संशोधक. तरुणपणी जपानात आले आणि तिथेच निवृत्त झाले. गावातली मराठी मंडळी त्यांना डॉक्टर म्हणत, मी डॉक्टरसाहेब म्हणे आणि ते मला शास्त्रीबुवा म्हणत. मी तिथल्या विद्यापीठात संस्कृत हस्तलिखितांच्या वाचनाला साहाय्य करण्यासाठी गेलो होतो. नदीपासून दोन गल्ल्या आत असलेल्या त्यांच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कचऱ्याचे सात डबे दाखवले, प्रत्येकाचा वार सांगितला आणि बजावले, "देवाचं निर्माल्य कुठल्या वारी टाकायचं हे नगरपालिकेला विचारून ठेवलंय. जळणारा कचरा. रागावू नका, नियम त्यांचा आहे." मी रागावलो नाही. निर्माल्य मी नदीकाठच्या एका झाडाच्या मुळाशी ठेवू लागलो. ते त्यांना माहीत होते आणि त्यांनी त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही.

सोमवार ते शुक्रवार त्यांच्या घरी रात्रीचे जेवण एकच असे. मेंढीच्या मांसाचे पातळ काप, दोन प्रकारचे चीज आणि काकडी घातलेले घट्ट दही, हे सारे जाडसर पिटा रोटीच्या पोटात भरून तव्यावर दाबून गरम केलेले सँडविच. ही पद्धत ग्रीसची. नवविवाहित असताना पतीपत्नी दोन वर्षे उत्तर ग्रीसमधल्या एका शहरात राहिली होती. दोघेही दिवसभर कामाला जात. दमून आलेल्या माणसांनी पाऊण तासाच्या आत काय खावे, हे शेजारच्या एका ग्रीक बाईने त्यांच्या पत्नीला शिकवले आणि पत्नीने ते क्योतोच्या स्वयंपाकघरात आणले. त्या माउलीला मी पाहिले नाही, कारण मी येण्याच्या तीन वर्षे आधीच त्या निवर्तल्या होत्या. त्यानंतर तवा डॉक्टरसाहेबांच्या हाती आला.

त्या तव्यापाशी उभा असलेला हा मनुष्य मला नेहमी एखाद्या अग्निहोत्र्यासारखा वाटे. अन्न मला निषिद्ध होते, पण निष्ठा ओळखण्याइतके माझे शिक्षण झालेले होते. रविवारी दुपारी ते मांस लिंबू, ऑलिव्हचे तेल, लसूण आणि ओरेगानो यांत मुरवीत, पाच डब्यांत भरीत आणि झाकणांवर एक ते पाच आकडे चिकटवीत. ओरेगानोची कुंडी न्हाणीघराच्या खिडकीत असे. तिचे पान चुरडले की मला ओव्याची आठवण होई. रोटी किती जाड झाली हे ते प्रयोगशाळेतल्या मापपट्टीने पाहत. भरलेले सँडविच तव्यावर ठेवले की त्यावर पितळेचे दोन किलोचे वजन ठेवीत. तेही प्रयोगशाळेतलेच, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी फुलांच्या गुच्छाऐवजी दिलेले. ते त्यांनी मागूनच घेतले होते, असे ते सांगत.

दोन चीज कशासाठी, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "एक खारं, ते वितळत नाही. दुसरं बेचव, ते वितळतं. एक चवीला, एक चिकटायला. संसाराला दोघंही लागतात, शास्त्रीबुवा." स्वतः यांपैकी कोणते, हे त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याची आवश्यकता नव्हती.

शनिवार-रविवारी तवा बंद. एकदा दोन मराठी संशोधक विद्यार्थी मोठ्या आशेने शनिवारी सायकली हाणत आले. त्यांना दहीभात वाढण्यात आला. त्यातला एक धीट होता. म्हणाला, "सर, ग्रीक सँडविचची एवढी कीर्ती ऐकून आलो." डॉक्टरसाहेब त्याच्या पानात लोणचे वाढत म्हणाले, "कीर्तीसाठी सोमवारी ये. आज भात आहे, तोही तुझ्या प्रबंधापेक्षा पूर्ण शिजलेला." मुलगा हसला, आणि सोमवारी खरोखरच आला.

माझ्यासाठी त्यांनी वेगळा तवा आणला होता. ग्रीक चीज वासरा-कोकरांच्या जठरातल्या रसाने दूध विरजून करतात हे त्यांनीच मला सांगितले, आणि ते मला चालणार नाही हेही मी बोलण्यापूर्वी त्यांनीच ठरवले. लिंबाने दूध फाडून, त्याचे पनीर मिठाच्या पाण्यात मुरवून, ते गुरुवारी दुपारी माझ्या तव्यावर रोटीत भाजून वर पाठवीत. आपल्या उलथन्याचा त्या तव्याला कधी स्पर्श होऊ दिला नाही. दह्यातल्या काकडीला मी कोशिंबीर म्हणे. ते प्रत्येक वेळी तिचे ग्रीक नाव सांगत, मी प्रत्येक वेळी पुन्हा कोशिंबीर म्हणे. हा आमचा विनोद तीन वर्षे टिकला.

माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात ते तापाने आजारी पडले. बरे झाले, हिंडूफिरू लागले. वसंतात एका सायंकाळी माझ्या खोलीत धूर आला. मी घाईने खाली गेलो, तर तव्यावर रोटी कोळसा होत होती आणि डॉक्टरसाहेब तिच्याकडे पाठ करून शांतपणे काकडी किसत होते. मी शेगडी बंद केली. ते वळले, तव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. किसणी ओट्यावर ठेवली.

"सेन्सर गेलाय माझा," ते म्हणाले. "तापात गेला. जिभेला आंबट-खारट थोडंफार कळतं, नाकाला काही नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. तीन महिने बघतोय."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांची एकुलती कन्या मीना गावातच एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करी आणि स्टेशनजवळ स्वतंत्र राहत असे. रोज साडेसहाला ती सायकलवरून येई, वडिलांबरोबर सँडविच खाई आणि सातच्या सुमारास निघून जाई. आमच्याच गल्लीत एका एकट्या वृद्धाच्या हातून गॅस उघडा राहिला होता. तेव्हापासून तिने वडिलांना सांगून ठेवले होते की ज्या दिवशी शेगडी त्यांच्याने सांभाळवणार नाही असे तिला दिसेल, त्या दिवशी गॅस बंद होईल आणि वृद्धांना घरपोच जेवणाचे डबे देणारी सेवा सुरू होईल.

"डबे वाईट नसतात," मी म्हणालो.

"डबा वाईट नसतो हो. पण डबा आला की माणूस यायचं कारण संपलं." त्यांनी कोळसा झालेली रोटी चिमट्याने उचलून बाजूला ठेवली. "मी हेच का करतो माहितीये? हे पाठवता येत नाही. दहा मिनिटांत मऊ पडतं, चीज दगड होतं. खायचं तर यावंच लागतं. भात-आमटी केली असती तर ती कधीच म्हणाली असती, बाबा, डब्यात भरून ठेवा, जाता जाता नेते."

मग ते नेहमीच्या स्वरात म्हणाले, "तुमचं नाक चांगलं आहे. वरच्या मजल्यावरून धूर ओळखलात. रोज दहा मिनिटं उसनं द्या."

मी दोन दिवस मागून घेतले. आमच्याकडे म्हणतात की वास घेणे म्हणजे अर्धे जेवणे. नकळत आलेला वास निराळा, पण मुद्दाम खाली वाकून घेतलेला वास कोणत्या खात्यात जातो? मी पुष्कळ विचार केला. शेवटी मनात असे आले की आंधळ्याने रस्ता विचारला तर तो देवळाकडे जातो आहे की खाटकाकडे, हे आपण विचारीत नाही, हात धरतो. तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो. वर परत येऊन स्नान करावे आणि मग संध्येला बसावे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

तेव्हापासून पावणेसहाला जिन्याच्या तोंडाशी हाक येई : "शास्त्रीबुवा, नाक आणा." डबा उघडला की पहिला वास, तेलात ओरेगानो पडला की दुसरा, रोटी तव्यावर गेली की तिसरा. रोटीत मी निष्णात होतो. भाकरीच्या घरात वाढलेल्या माणसाला खरपूस आणि करपट यांतली रेघ उपजतच कळते. ओरेगानोही मला कळे. मांसाविषयी मी इतकेच सांगू शके की कालच्यासारखेच आहे. ते तेवढ्यावर समाधान मानीत.

जेवताना मी तिथे नसे. पण कधी वर्तमानपत्र द्यायला, कधी पत्र घ्यायला खाली गेलो तर त्या दोघांचे जेवण दिसे. ते मराठीत विचारीत, आज बस की सायकल? ती जपानीत उत्तर देई, सायकल. काम फार आहे का? साधारण. आणखी एक देऊ? पुरे. वीस मिनिटांत सँडविच संपे, कारण ते थांबू शकत नाही. मग मीना बशा धुऊन, वाकून नमस्कार करून निघून जाई. मुलीने मराठी सोडली होती असे नव्हे. आई गेल्यावर घरात ती भाषा वडिलांशी कोणत्या सुरात बोलायची हे तिला ठाऊक नव्हते, एवढेच. पण ती रोज येई, आणि साडेसहाच्या आधी दहा मिनिटे डॉक्टरसाहेब दारातली चपलांची रांग सरळ करीत असत.

मीनाने मला कधी काही विचारले नाही, म्हणून मी कधी काही सांगितले नाही. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे हे असत्य नव्हे, अशी मी माझी समजूत घातली होती. ती समजूत किती कच्ची होती हे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कळले.

क्योतोचा ऑगस्ट फार जाचक. पितरांना निरोप देण्यासाठी जिथे डोंगरांवर अग्नी पेटवतात, तो आठवडा होता. इकडे आमचा श्रावण चालू होता आणि मी एकभुक्त होतो. त्या बुधवारी चौथ्या डब्याचा कोपरा अडकून फ्रिजचे दार बोटभर उघडे राहिले होते. ते सायंकाळी त्यांच्या लक्षात आले. गुरुवारी हाक मारताना त्यांनी मला हे स्पष्ट सांगितले. "आज नीट बघा, शास्त्रीबुवा. दिवसभर दार उघडं होतं काल."

मी नीट पाहिले. वाकलो, श्वास घेतला. लिंबू होते, ओवा होता, आणि त्याखाली जो उग्र दर्प नेहमी असे तो त्या दिवशी अधिक होता. मला किळस आली.

इथे माझी चूक झाली, आणि ती मी जशी झाली तशी सांगतो. मला वाटले, हा दोष मांसाचा नाही, माझा आहे. श्रावण आहे, उपास आहे, मन सोवळे झाले आहे, म्हणून घृणा वाढली आहे. कोणत्याही प्राणिमात्राच्या अन्नाविषयी घृणा बाळगू नये, हे मी वर्षभर स्वतःला शिकवीत होतो. त्या क्षणी ती घृणा जिंकणे हीच साधना, असे मानून मी चेहरा शांत ठेवला आणि म्हणालो, "नेहमीसारखेच आहे." म्हणताना थोडे समाधानही वाटले.

साडेसहाला मीना आली. मी विजेचे बिल द्यायला खाली थांबलो होतो. डॉक्टरसाहेबांनी स्वतःचे सँडविच अर्धे संपवले होते. मीनाने आपले उचलले, तोंडाजवळ नेले आणि खाली ठेवले. मग ती वडिलांकडे पाहू लागली. ते चवीने खात होते.

"बाबा, थुंक," ती म्हणाली.

मराठीत. लहान मुलाने मातीचा घास घेतला तर आई ज्या स्वरात म्हणते, त्या स्वरात. अहो-जाहो तिच्या लक्षातही नव्हते. तिने आपली हाताची ओंजळ त्यांच्या तोंडापुढे धरली होती.

"काय झालं?"

"थुंक आधी. वास नाही येत तुला?"

त्यांनी तिच्या हातात घास टाकला. माझ्याकडे पाहून हळू म्हणाले, "शास्त्रीबुवांनी बघितलंय."

मीना माझ्याकडे वळली. तिने जपानीत, अतिशय आदराने, विचारले की मी मांस केव्हापासून खाऊ लागलो. मी म्हणालो, या जन्मात नाही. मग चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे मला कसे कळते, असे तिने विचारले.

त्या खोलीत दोन वृद्ध बसले होते. एकाने आयुष्यभर यंत्रे तपासली होती, दुसऱ्याने ज्ञानाची साधने कोणती खरी आणि कोणती खोटी यावर ग्रंथ वाचले आणि शिकवले होते. हा प्रश्न त्या दोघांपैकी एकालाही सव्वा वर्षात सुचला नव्हता.

तासाभरात डॉक्टरसाहेबांना उलट्या सुरू झाल्या. टॅक्सीत मांडीवर पातेले धरून बसलेल्या त्या माणसाने मला एकच वाक्य ऐकवले. "उपकरण न तपासता वापरलं, शास्त्रीबुवा. तुमचा दोष नाही, माझा." मला ते वाक्य शिवीपेक्षा जड गेले.

दोन दिवस त्यांना सलाइन लावले होते. इस्पितळाच्या मार्गिकेत मीना आणि मी एका बाकावर बसलो. तिच्या हातात डबे पोचवणाऱ्या सेवेचा अर्ज होता आणि त्यातले बहुतेक रकाने भरून झाले होते. मी तिला सगळे सांगितले. ताप, करपलेली रोटी, माझे नाक, माझा श्रावण. मग जे सांगण्याचा अधिकार मला दिलेला नव्हता तेही सांगितले. तिचे वडील हेच का करतात, आणि ते पाठवता येत नाही हेच त्यांना त्याच्यात कसे मोलाचे वाटते.

तिने अर्ज मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं." आणि पुढे, शब्द शोधत, अर्धे मराठीत, अर्धे जपानीत, तिने जे सांगितले त्याचा आशय असा : बाबांनी कोणाबरोबर तरी जेवावे म्हणून ती येत होती. आपण आलो नाही तर ते उभ्याउभ्या खातील, असे तिला वाटे. सँडविच तिला फारसे आवडतही नव्हते. गेले दीड वर्ष ते भयंकर खारट होत होते.

"मग सांगितले का नाही?" मी विचारले.

"त्यांना वाईट वाटलं असतं."

गॅस बंद झाला. तो मीनाने करवलाच, आणि मला ते योग्य वाटले. डबेही आठवडाभर आले. कप्प्याकप्प्यांत नीट बसवलेले, थंड, निर्दोष अन्न. डॉक्टरसाहेब ते तक्रार न करता खात आणि रिकामा डबा धुऊन दारात ठेवीत. रविवारी त्यांनी मांस मुरवले नाही. पितळी वजन पुसून कपाटात ठेवले. मला हाक मारण्याचे कारण उरले नव्हते, तरी पावणेसहाला मी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा राहत असे.

त्यानंतरच्या सोमवारी मीना साडेपाचलाच आली. सायकलच्या मागे दोरीने बांधलेली विजेची शेगडी होती, आपोआप बंद होणारी, आणि पिशवीत त्याच दिवशी घेतलेले मांस. तिने शेगडी ओट्यावर ठेवली. डॉक्टरसाहेबांनी ती शेगडी चहूबाजूंनी पाहिली आणि हिला ज्योत नाही, हिच्यावर रोटी फुगणार नाही, असे मत दिले. मीनाने मांसाची पुडी उघडली, वास घेतला आणि होकारार्थी मान डोलावली. मग त्यांच्या शेजारी उभी राहून ती लिंबू चिरू लागली. त्या स्वयंपाकघरात दोघे एका ओट्यापाशी उभे असलेले मी तोवर पाहिले नव्हते. मी वर निघून आलो.

पुढचे मी ऐकले ते जिन्यातून.

"बाबा, मीठ पुरे."

"आत्ता तर घातलं."

"खारट होतं रोज. दीड वर्ष खारट होतं."

खाली चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मला भीती वाटली.

"खारट म्हणजे किती?" डॉक्टरसाहेबांचा आवाज आला. "नुसतं खारट म्हणू नकोस, आकडा सांग. दीडपट? दुप्पट?"

"दुप्पट."

"शक्यच नाही."

"चव मला लागते, तुला नाही."

"चीज मोजलंस त्यात? चीजचं मीठ वेगळं धरायचं असतं."

मग ती काहीतरी जपानीत भराभर बोलली, त्यांनी ते मराठीत खोडून काढले, तिने एक शब्द मराठीत चुकीचा वापरला, त्यांनी तो दुरुस्त न करता तसाच उचलला आणि पुढे वाद घातला. सात वाजले. सव्वासात झाले. सँडविच केव्हाच मऊ पडले असणार. मी स्नान करून पाटावर बसलो होतो, निरांजन लावले होते, घंटा हातात होती. खालचे बोलणे संपेपर्यंत मी ती वाजवली नाही.